तीन पळ्या पाणी

अँब्युलन्सवरच्या कीर्तना नावाच्या बाईविषयी तुळजारामांना फार थोडं ठाऊक होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून कुणी काही विचारलं तर पंचाईत नको. तिचं गाव ओरत्तनाडूच्या बाजूला कुठंतरी. घरी कोण कोण, ठाऊक नाही. वय तीस असेल, दोन वर्षं इकडेतिकडे. दुपारी स्टीलच्या डब्यातला दहीभात खायची. अंगावर गणवेश असला की चहाच्या दुकानात कधी बसायची नाही, उभ्यानंच कॉफी घ्यायची. एवढंच. एखाद्या माणसाविषयी सांगायला बसावं आणि हाताशी एवढंच निघावं, याची तुळजारामांना लाज वाटते. पण ज्याला जास्त ठाऊक आहे तो सांगत नाही. मग ज्याला थोडं ठाऊक आहे त्यानं तरी सांगावं.

तंजावरात मेलवीदी नावाच्या गल्लीच्या टोकाला करंजाचं एक झाड आहे. त्याच्या सावलीत अँब्युलन्स उभी असायची. तुळजारामांचं घर तिथून सहावं. सकाळी सातला ते दूध आणायला निघत तेव्हा गाडीची मागची दारं उघडी असत आणि कीर्तना आत बसून एकेक वस्तू हातात घेऊन मोठ्यानं मोजत असे. ऑक्सिजनच्या टाकीचा काटा वाचायची, वहीत लिहायची. काल वापरलेली वस्तू मोजायची आणि महिनाभर न वापरलेलीही मोजायची. गाडी चालवणारा नटराज (त्या लोकांत चालकाला पायलट म्हणतात) बाहेर टायरवर लाथ मारून हवा बघायचा आणि तिला चिडवायचा.

"मोजा, मोजा. कुणी रात्रीतून तो वाकडा चिमटा पळवला असेल, वांगी भाजायला."

"तो घशात जायचा चिमटा आहे, अण्णा. भाजा वांगी आणि घाला कुणाच्या तरी घशात."

हे बोलणं तमिळमध्ये; तुळजारामांच्या घरात पिढ्यानपिढ्या मराठी, पण गल्लीत सगळं तमिळच. तुळजाराम दुधाची पिशवी हातात धरून क्षणभर थांबत आणि पुढे जात. त्यांना ते मोजणं फार आवडायचं. ते स्वतः चौतीस वर्षं कालव्याच्या खात्यात होते. पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवरचा आकडा सकाळ-संध्याकाळ वाचायचा आणि वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. तिथं एकच नियम होता: लिहिलेला आकडा खोडायचा नाही. चुकला असेल तर खाली दुसरा लिहायचा, बाजूला वेळ घालायची, सही करायची. आपल्यासारखंच कुणीतरी या गाडीत बसलंय, असं त्यांना वाटायचं. पण तसं तिला बोलून दाखवायला तोंड उघडलं नाही. त्यांचं तोंड तसं कशालाच लवकर उघडत नाही.

गल्लीतले लोक कीर्तनाला नर्स म्हणत, कंपाउंडर म्हणत, कुणी नुसतंच "ए अँब्युलन्स" म्हणत. ती प्रत्येक वेळी थांबून सांगायची, "नर्स नव्हे. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ."

"एवढं नाव घेईपर्यंत पेशंट जायचा," नटराज म्हणायचा.

"म्हणून तर लोकांनी आधीच शिकून ठेवावं," ती म्हणायची. ती हसून बोलायची, पण गंमत करत नसायची.

त्या वर्षीची वैकुंठ एकादशी आली. तुळजारामांची बायको राजम पहाटे चारला उठून पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळात जाऊन आली. वर्षातून एकदा, त्या दिवशी, देवळाचं उत्तरेचं दार उघडतात. त्यातून बाहेर पडलं की वैकुंठाची वाट मोकळी. आणि त्या दिवशी ज्याला मरण येतं त्याला तर दाराशी थांबावंही लागत नाही, असं इथं लहान पोरसुद्धा सांगेल. राजमचा त्या दिवशीचा उपास निर्जळी असायचा. चाळीस वर्षांत मोडला नव्हता. मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी उपासाला मनाई केली होती, पण नवरा-बायकोनं मिळून त्यातून वाट काढली होती. उपास करायचा, मात्र गोळी चुकवायची नाही. डॉक्टरांचाही मान राहतो आणि एकादशीचाही. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे! तशी आठ वर्षं निभावली होती. पण महिन्यापूर्वी डॉक्टरांनी गोळी बदलून जोराची दिली होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सकाळी आठला तुळजारामांनी आपल्या हातानं गोळी काढून दिली आणि राजमनं ती कोरडीच गिळली.

दोनच्या सुमाराला राजम विचारू लागली, "सासूबाईंचा लोटा कुणी हलवला?" सासूबाईंना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. तुळजारामांना वाटलं, थट्टा करतेय. ते हसलेसुद्धा. ते हसणं त्यांना अजून टोचतं. तीन चाळीसला पाहतात तर राजम पलंगावर घामानं निथळलेली, डोळे अर्धवट मिटलेले, आणि हाक मारली तर ओ नाही.

त्यांनी अँब्युलन्सला फोन केला. पत्ता सांगताना घराचा नंबर दोनदा चुकला. नेमकी त्या दिवशी गाडी झाडाखाली नव्हती. पापनाशमहून एका बाळंतिणीला आणून पोचवून परतत होती. "दहा-बारा मिनिटं लागतील," पलीकडून सांगितलं.

शेजारची कृष्णवेणी धावत आली. तिनं राजमचा हात हातात घेतला, मनगट चाचपलं आणि पदर तोंडाला लावला.

"अण्णा, हात गार पडलेत. नाडी लागत नाही मला."

"अँब्युलन्स येतेय," तुळजाराम म्हणाले.

"येऊ दे की. पण आजचा दिवस बघा, अण्णा. पहाटे दारातून निघाली आणि संध्याकाळ व्हायच्या आत... कोणाला मिळतं असं?" कृष्णवेणी रडत होती आणि मनापासून बोलत होती. "सकाळपासून थेंब घेतलेला नाही तिनं. कोरड्या तोंडानं पाठवणार? देव्हाऱ्यातला तो गंगेचा गडू उघडा."

असं म्हणून ती गाडी गल्लीत वळवून घ्यायला रस्त्यावर पळाली. तुळजाराम एकटे उरले. देव्हाऱ्यात काशीहून आणलेल्या गंगेच्या पाण्याचा तांब्याचा गडू होता, लाखेनं तोंड बंद केलेला. त्यांनी ती लाख सुरीनं फोडली. पळीत पाणी घेतलं, त्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि राजमच्या ओठांच्या फटीत ओतलं. एक पळी. दुसरी. तिसरीला पाणी गालावरून खाली आलं आणि घशातून घुर्र असा आवाज निघाला. तुळजारामांना वाटलं, संपलं. त्यांनी गडू देव्हाऱ्यात परत ठेवला आणि टॉवेलनं तिचा गाल पुसला.

आणि दारात कीर्तना उभी होती, खांद्याला पिशवी, हातात मोजे चढवत.

तिनं राजमच्या नाकाशी गाल नेला, गळ्यावर दोन बोटं ठेवली. "श्वास आहे. नाडी आहे. नटराज अण्णा, वेळ?"

"तीन चौपन्न."

कृष्णवेणीला न लागलेली नाडी तिला लागली! जिवंत आहे. राजम जिवंत आहे, आणि आपण तिला तोंडात पाणी घालून पाठवून बसलो.

"काय औषधं चालू आहेत?" कीर्तनानं तमिळमध्ये विचारलं.

"शुगरची गोळी."

"आज घेतली?"

"सकाळी आठला."

"जेवण?"

"उपास."

कीर्तनानं मान वर केली नाही. राजमच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब त्या लहान यंत्राला लावला. "चौतीस," ती म्हणाली. साखर नव्वदच्या आसपास हवी, तिथं चौतीस. शिवणकाम करताना ठेवावा तसा हात स्थिर ठेवून तिनं शीर शोधली. पहिली निसटली, दुसरी सापडली. सलाइन लावून साखरेचं पाणी सावकाश आत सोडायला सुरुवात केली. एका हातानं ते सोडताना दुसऱ्या हातानं ती कागदावर लिहीत होती आणि विचारत होती.

"आम्ही यायच्या आधी तोंडात काही घातलंत? पाणी, दूध, औषध?"

दारात गल्लीतली चार माणसं जमली होती. तुळजारामांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं नाही. पाणी घातलं म्हणावं, तर याचा अर्थ एकच. बायको श्वास घेत असताना नवऱ्यानं तिला निरोप दिला.

"नाही," ते म्हणाले.

कीर्तनानं लिहिलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, उचला आणि पळा की! इथं काय परीक्षा लिहिताय?"

"डोक्याला साखर पोचली नाही तर पळून काय उपयोग?" कीर्तना त्याच्याकडे न बघता म्हणाली. "हे पाच मिनिटांचं काम रस्त्यात खड्ड्यातून होत नाही."

राजमला स्ट्रेचरवर घेऊन गाडी निघाली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. घरात अकरा मिनिटं. पुढे या अकरा मिनिटांवर बरंच बोललं गेलं.

गाडीत तुळजाराम बाजूच्या बाकावर बसले. साखर चढत होती. यंत्रात एकशे तीस दिसलं. राजमच्या पापण्या हलल्या. पण श्वासाचा आवाज बरा नव्हता. तळाशी थोडं पाणी उरलेल्या बाटलीत पोकळ काडीनं फुंकावं तसा. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. अठ्ठ्याऐंशी. पंच्याऐंशी. ब्याऐंशी. तुळजारामांनी आयुष्यभर आकडे चढता-उतरताना पाहिले होते, पण त्यांतला एकही त्यांच्या छातीत उतरला नव्हता.

कीर्तनानं राजमला कुशीवर वळवलं, नळीनं तोंडातली लाळ ओढून घेतली. आकडा हलेना. तिनं कानाला फोन लावला. अडचण आली की त्यांना दूर बसलेल्या एका डॉक्टरला विचारायची सोय असते. "साखर आता ठीक आहे, सर. श्वास ढासळतोय. नाही सर, तोंडातून काही दिलेलं नाही. पतीनं सांगितलंय." थोडं ऐकलं. "हो सर. पिशवीनं श्वास देते."

तिनं राजमला उताणं केलं, नाकातोंडावर मास्क दाबून बसवला आणि रबराच्या पिशवीवर हात ठेवला. पिशवी दाबली की हवा जोरानं आत जाणार, हे तुळजारामांना बघूनच कळलं. आत म्हणजे कुठं, आणि हवेबरोबर काय, हेही कळलं.

त्यांनी राजमचा पाय धरला. तिथवरच हात पोचत होता. आणि ते आपल्या भाषेत, घरातल्या मराठीत, तिलाच म्हणाले, "मी घातलं गे. गंगेचं पाणी मी घातलं तुझ्या तोंडात. पान होतं त्यात. मला वाटलं तू गेलीस."

गाडीत दुसरं कुणाला कळणार होतं? नटराज तमिळ, कीर्तनाही तमिळच, असं ते धरून चालले होते.

कीर्तनाचा हात पिशवीवरच थांबला.

"किती पळ्या, मामा?" तिनं मराठीत विचारलं.

तुळजारामांनी मान वर केली. "तीन."

"पान एक की दोन?"

"एक... बहुतेक. दुसऱ्या पळीतही असेल."

"अण्णा, गाडी बाजूला घ्या! थांबवा, आत्ता!"

गाडी थांबली. कीर्तनानं मास्क काढला, राजमचं तोंड उघडलं, दिवा आत धरला, आणि रोज सकाळी मोजायची तो वाकडा चिमटा घशात घातला. तुळजारामांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी त्यांनी तिचं मोजणं ऐकलं. "एक." मग बराच वेळ काही नाही. "दोन." मग नळीचा खरखर आवाज, आणि राजमचा खोकला. असा खोकला त्यांनी बेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता आणि इतका गोडही कधी वाटला नव्हता.

"चला," कीर्तना म्हणाली. आकडा चौऱ्याऐंशीवर आला, मग अठ्ठ्याऐंशीवर. तिनं कागद पुढे ओढला, घड्याळ पाहिलं, लिहिलं. मग ती पुन्हा आकड्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्याच्या दाराशी तिथल्या माणसांनी येऊन ट्रॉली ओढली. कीर्तनानं तिचा दांडा सोडला नाही.

"सही घ्या आणि निघा, अक्का. मागं दोन गाड्या आहेत," एक जण म्हणाला.

"डॉक्टर ऐकतील, मग सोडते."

"काय ऐकायचं? पेशंट समोर तर आहे."

"समोर पेशंट आहे. त्याचा गेला अर्धा तास माझ्याकडे आहे."

एक तरुण डॉक्टर कपाळाला आठ्या घालून आला. कीर्तनानं एका दमात सांगितलं: काय सापडलं, काय दिलं, त्यानं काय बदललं, आणि काय कळलेलं नाही. "निर्जळी उपासावर जोराची गोळी. साखर चौतीस होती. गोळीचा अंमल संपलेला नाही, साखर पुन्हा उतरेल, घरी पाठवू नका. घशातून तुळशीची दोन पानं काढली, पाणी फुप्फुसात गेलेलं असणार. किती गेलं, ते मला सांगता येत नाही." डॉक्टरांच्या आठ्या मधेच कुठंतरी गेल्या. त्यांनी एक प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं, आणि मग तिनं दांडा सोडला. साखर रात्रीतून दोनदा उतरली. दोन्ही वेळा डॉक्टर तयार होते.

राजमच्या फुप्फुसाला सूज आली. सात दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली. या सात दिवसांत मुलगा गिरीश चेन्नईहून आला, कृष्णवेणीकडून अकरा मिनिटांची हकिगत ऐकली, गाडी रस्त्यात थांबवल्याचं ऐकलं आणि छातीत काहीतरी गेल्याचं डॉक्टरांकडून ऐकलं. गडूचं कृष्णवेणी बोलली नाही. तुळजारामही बोलले नाहीत. गिरीशनं या तिन्ही गोष्टी जोडल्या आणि तक्रार लिहून दिली: गाडीतल्या बाईनं वेळ घालवला आणि आईच्या घशात काहीतरी भलतंच केलं.

तुळजारामांना हे कळलं चहाच्या दुकानात. झाडाखाली गाडी होती, पण मागची दारं उघडी नव्हती.

"कीर्तनाला घरी बसवलंय," नटराज म्हणाला. "सोमवारी चौकशी. कागदावर दोन ओळी आहेत ना. आधी लिहिलंय, तोंडातून काही दिलं नाही. खाली लिहिलंय, तीन पळ्या पाणी दिलं. साहेब म्हणतात, खालची ओळ मागाहून घुसडली, गाडी थांबवली त्याला कारण हवं म्हणून."

"पण पेशंट तर वाचला."

"वाचला म्हणून तर तक्रार करायला नातेवाइकांना फुरसत मिळाली!" नटराजनं ग्लास आपटून ठेवला. मग ओशाळला. "तुमच्या मुलाला नाही हो बोललो. मलाही विचारलं साहेबांनी. मी काय सांगू? म्हातारबुवा काहीतरी बोलले, एवढं ऐकलं. पण तुमच्या रायर लोकांच्या मराठीत. मला काय कळणार?"

तुळजाराम घरी आले. त्यांनी पत्र लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. प्रत्येक वेळी "मी" लिहून झालं की पुढचा शब्द येईना. स्वयंपाकघरात राजम गिरीशला इडल्या वाढत होती, अजून थोडी धापत. त्यांना वाटलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, इडली तरी सुखानं खाऊ दे तिला. शुक्रवार गेला. शनिवार, रविवार गेला.

सोमवारी गिरीशबरोबर तेही गेले. "तुम्ही नुसते बसा, अप्पा," गिरीश म्हणाला. "मी बोलतो."

लहानशी खोली, वर पंखा, टेबलामागे चष्मा लावलेले अधिकारी. एका खुर्चीवर कीर्तना, स्वच्छ गणवेशात, बुटांना पॉलिश. तिनं तुळजारामांकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली, दूध आणताना हलवायची तशीच. तीत काही मागणं नव्हतं. त्यामुळेच ते जास्त अवघड झालं.

अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला. "खालची ओळ खरी असेल, तर वरची खोडली का नाहीस?"

"ती तीन छप्पनला सांगितली होती, सर. सांगितलं ते लिहिलं. दुसरी चार अकराला सांगितली. तीही लिहिली."

"ऐकणारी तू एकटीच?"

"हो, सर."

"आणि ती पानं?"

"कचऱ्याच्या पिशवीत गेली."

"म्हणजे पुरावा नाही." अधिकारी वाईट माणूस नव्हते. दमले होते. "तू हुशार आहेस, कीर्तना. पण हा कागद बघून मी काय लिहू? चूक झाली असेल तर मान्य कर. नोकरी वाचते का, बघतो."

"चूक असती तर तीही वेळ घालून लिहिली असती, सर."

टेबलावर तो कागद होता. दोन ओळी, एकीखाली एक, प्रत्येकीपुढे वेळ आणि सही. तुळजारामांनी चौतीस वर्षं तसेच कागद लिहिले होते, आणि त्यांवर कुणी संशय घेतला असता तर ते कालव्यात उडी मारायला निघाले असते. ते उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"अप्पा, काय झालं? बसा," गिरीश म्हणाला.

"दोन्ही ओळी माझ्या आहेत," तुळजाराम तमिळमध्ये म्हणाले. मग कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "दोन्ही मीच सांगितल्या. पहिली खोटी. दुसरी खरी."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "पाणी तुम्ही घातलं?"

"मीच. गंगेचं. तुळस घालून."

"मग आधी नाही का म्हणालात?"

तुळजाराम गिरीशकडे बघू शकले नाहीत. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "हो म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, की ती होती आणि मी तिला सोडून दिलं होतं."

मग गिरीशनं वाकून खुर्ची उचलली, सरळ केली आणि वडिलांच्या दंडाला धरून त्यांना तिच्यावर बसवलं. "तक्रार परत घेतो," तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

अधिकारी लिहू लागले तेव्हा कीर्तना म्हणाली, "सर, एक मागणं आहे. चूक माझीही झाली. मी एकदाच विचारलं."

"एकदा विचारतात तसं विचारलंस."

"घरात माणसं दाराशी उभ्या लोकांसाठी उत्तर देतात. गाडीत पेशंटसाठी देतात. हाच प्रश्न गाडीत पुन्हा विचारायचा, असा फॉर्मवर दुसरा रकाना हवा, वेळेसह. सगळ्यांच्या फॉर्मवर. आम्हाला कुणी हे शिकवलं नाही, मला मामांनी शिकवलं." तिनं 'मामा' तमिळ बोलण्यात मराठीसारखंच म्हटलं.

तो रकाना छापला गेला का, हे तुळजारामांना सांगता येणार नाही. नटराज एवढंच म्हणाला की त्यांच्या गाडीत कीर्तना तो पेननं आखून घ्यायची, आणि आणखी दोन गाड्यांतल्या मुलांनीही आखायला सुरुवात केली.

त्या दिवशी घरी येऊन तुळजारामांनी राजमसमोर सगळं सांगितलं. गिरीश दारात उभा होता. राजम ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "किती पळ्या?"

"तीन."

"काशीचं पाणी! लाख फोडून! सासूबाईंनी माझ्यासाठी जपून ठेवलेलं, आणि तुम्ही तीन पळ्या उधळल्यात? आता मी खरंच निघाले की काय घालाल, नळाचं?" असं म्हणून ती आत गेली. स्वयंपाकघरात भांडं जरा जास्तच जोरानं आपटलं. तुळजाराम आत गेले नाहीत. जायला हवं होतं, असं त्यांना आता वाटतं.

पुढं चारेक महिने कीर्तना झाडाखाली दिसत होती. तुळजाराम दूध आणताना थांबत. बोलायचं पुष्कळ होतं. ओरत्तनाडूकडे तुमचं घर कुठलं, घरात मराठी कोण बोलतं, हे काम कसं धरलंत. रोज ठरवत, उद्या विचारू. मग एक दिवस गाडीत दुसराच कुणी मोजत होता, आणि तोही मोठ्यानं. एक जण म्हणाला, तिला तिरुचीला नव्या तंत्रज्ञांना शिकवायला नेलं. दुसरा म्हणाला, लग्न होऊन सेलमला गेली. नटराजलाही नक्की सांगता आलं नाही, किंवा त्यानं सांगितलं नाही.

तो दुसरा आला त्याच्या आदल्या सकाळी कीर्तना गाडीच्या मागच्या पायरीवर उभी होती, हातात वही.

"मामी जेवतात ना वेळेवर?"

"जेवते."

"परवा एकादशी झाली."

"हो. खिचडी खाल्ली तिनं. मलाही खायला लावली."

"आणि गोळी?"

"जेवल्यावर."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा मोजायला वळली.